दुसरा ब्रेक

गाडी शिकवणं हा आमच्या ह्यांचा व्यवसाय. सत्तावीस वर्षं झाली. अर्धं गाव त्यांना मास्तर म्हणतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या विद्यार्थ्यांपासून जीव वाचवत रस्ता ओलांडतं. हे माझं म्हणणं, ह्यांना ते मान्य नाही. एवढ्या लोकांना शिकवलं, पण मला नाही. म्हणजे एकदा प्रयत्न झाला होता, लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो आणि पुढचे चार दिवस एकमेकांशी बोललो नाही. त्यानंतर दोघांनीही तो विषय गुपचूप बासनात गुंडाळून ठेवला.

माझं काम कपडे मापात बसवून देण्याचं. लोक दुकानातून तयार कपडे आणतात आणि आपलं पोट केवढं आहे ते त्यांना घरी आल्यावर आठवतं. मग मी शिवणी उसवते, कुठे आत घेते, कुठे बाहेर सोडते. बाहेरच्या खोलीत माझं मशीन, खिडकीशी लांब आरसा, दारामागे हँगरची रांग. मागच्या वर्षी ह्यांच्या घशात गाठ निघाली आणि किरणं सुरू करायच्या आधीच डॉक्टरांनी पोटात जेवण घालायची नळी बसवली, तेव्हा रडूनबिडून झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर ह्यांचे सगळे शर्ट काढून बसले. नळी डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली. प्रत्येक शर्टाला तिथे चार बोटांची खिडकी, आतून पट्टी, वर दोन बटणं. शर्ट न काढता नळी बाहेर. वॉर्डातल्या सिस्टरनी ते पाहिलं आणि बाकीच्या पेशंटांसाठी माझ्याकडून कागदावर काढून घेतलं.

किरणं सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. पहिले दोन आठवडे हे ऐटीत स्वतः गाडी चालवत गेले. तिसऱ्यात घसा आतून सोलवटला, चौथ्यात आवाज बसला, पाचव्यात स्वतःची थुंकी गिळणंही नको झालं. ओठ फुटले म्हणून त्यांवर दिवसभर पांढरं जाड मलम थापलेलं. खाणंपिणं सगळं नळीतून. मी त्यात इतकी तरबेज झाले की काही विचारू नका. ह्यांना ताठ बसवायचं, मोठ्या सिरिंजने आधी पाणी, मग फीड सावकाश, मग परत पाणी म्हणजे नळी तुंबत नाही, आणि नंतर तासभर आडवं होऊ द्यायचं नाही.

ह्यांची थोरली बहीण परगावी असते. वन्सं रोज फोन करायच्या.

"नळीतून चव कळते का गं त्याला?"

"कळत नाही हो वन्सं. म्हणून तर पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातचं न कुरकुरता घेतायत."

हे पलंगावरून मला मूठ दाखवायचे. आवाज नव्हता, पण मूठ शाबूत होती.

किरणं संपली. गाठ विरत चालली आहे असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला वाटलं, सुटलो. तेव्हा आमच्या आयुष्यात त्या बाई आल्या ज्यांचं काम पेशंटला परत गिळायला शिकवणं एवढंच. ह्यांनी त्यांचं नाव गिळणेबाई ठेवलं. अंगाने काडी, आवाज मात्र हेडमास्तरीणबाईंचा. त्यांनी ह्यांना जीभ बाहेर काढायला लावली, आत घ्यायला लावली, जबडा उघडायला लावला, गळ्यावर दोन बोटं ठेवून घोट घ्यायला लावला आणि मग आम्हा दोघांना समोर बसवलं.

"घसा म्हणजे स्नायू," त्या म्हणाल्या. "किरणांनंतर तो आखडायला बघतो. वापरला तर वापरात राहतो, नाही वापरला तर काही महिन्यांत गिळणं विसरतो. मग गाठ जाऊनही काही लोकांची नळी जन्मभर राहते. सहा आठवड्यांनी आपण एक्स-रेखाली तुमचं गिळणं बघू. तोवर रोज हे व्यायाम, आणि दात घासून तोंड स्वच्छ केल्यावर एक भांडंभर पाणी. तोंडाने, छोट्या घोटांनी, हनुवटी खाली घेऊन. पोट भरायला नळी आहे. पाणी घशासाठी."

मी जन्मभर या शब्दापाशीच अडकले. हे मात्र मान डोलावत होते, आरटीओच्या साहेबासमोर डोलावतात तशी.

पहिला आठवडा बरा गेला. मग एका सकाळी घोट वाकड्या वाटेने गेला आणि हे असे खोकले की डोळे बाहेर आले. मी मशीनवरून उडी मारून धावले, पाठ चोळली, भांडं हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, "पुरे आता. नळीतून देते मी." त्यानंतर हळूहळू ह्यांचा उत्साह ओसरला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पाण्याचं नाव काढलं की बोटाने नळीकडे दाखवायचे. ती आहे की, कशाला उगाच. ड्रायव्हिंग स्कूलची दुसरी गाडी ह्यांचा जोडीदार चालवत होता, ह्यांची खाली कव्हर घालून उभी होती, आणि तिच्याकडेही हे बघेनात. सत्तावीस वर्षांत त्या माणसाने गाडीला असं एकटं सोडलं नव्हतं. मी घाबरले.

विचार करकरून मी शेवटी शिकाऊ परवाना काढला आणि तो ह्यांच्या छातीवर ठेवला.

"मला गाडी शिकवा," मी म्हटलं. "एक भांडं पाणी, एक तास शिकवणी. पाणी नाही तर शिकवणी नाही."

हे उठून बसले. परवान्यावरचा माझा फोटो पाहून त्यांना हसू आलं, हसताना घसा दुखला, तरी हसतच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून तयार.

शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. अडीनडीला. ह्यांचा नियम मात्र गावाला पाठ आहे: तो ब्रेक दाबायचा नाही, नाहीतर विद्यार्थ्याचा पाय कधीच शिकत नाही. नवीन शिकवणारा ठेवला की हे त्याला तीन-तीनदा बजावतात, आणि जो ऐकत नाही त्याला घरी पाठवतात.

आमची शिकवणी गोदामांच्या मागच्या पटांगणात चालायची. आवाज घोगरा आणि दोन वाक्यांत संपणारा, म्हणून ह्यांनी खुणा ठरवल्या. डॅशबोर्डवर एक टिचकी म्हणजे क्लच, दोन म्हणजे गिअर, आणि तळहात आपटला की सगळं सोडून थांब. माझी पंचाईत वेगळीच. तीस वर्षं मशीनचं पायडल मारलेला माझा पाय, लांब शिवण दिसली की सुटायची सवय. पटांगण मोकळं दिसलं की तो सुटायचाच. पण गंमत अशी की गाडी अगदी वेळेवर थांबायची. भिंत जवळ आली, थांबली. वळण आलं, मंद झाली. तिसऱ्या आठवड्यात मी वन्संना फोनवर सांगून टाकलं की माझ्या पायात उपजतच ब्रेक आहे, तुमच्या भावाला इतकी हुशार विद्यार्थिनी आजवर मिळाली नसेल. घरी कपाटाच्या दारावर कागद लावला होता, त्यावर रोजच्या पाण्याची खूण. मी कपडे बदलेपर्यंत हे स्वयंपाकघरात भांडं रिकामं करून खूण करून मोकळे. एकही दिवस चुकला नव्हता. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

आणि मग माझी चप्पल निसटली.

गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत होती. चप्पल गेली सीटखाली. मी एका पायाने ती ओढत होते आणि दुसऱ्याने अडवत होते, तेवढ्यात गोदामाच्या दारातून एक हमाल खोक्यांनी भरलेली ढकलगाडी घेऊन बरोबर समोर आला. गाडी गपकन थांबली. हमालाने मला हात केला, मीही त्याला हात केला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझे दोन्ही पाय चपलेपाशी होते.

मी ह्यांच्या बाजूला खाली वाकून पाहिलं. ह्यांचा बूट ब्रेकवर, चांगला दाबून.

"कधीपासून?" मी विचारलं.

हे समोरच्या काचेतून ढग बघायला लागले.

"पहिल्या दिवसापासून?"

मान हलली. मी गाडी तिथेच बंद केली आणि बोलायला सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण तो हमाल खोकी उतरवून परत जाईपर्यंत बोलत होते. तीन आठवडे मी आपली स्टिअरिंग धरून बसलेली पाहुणी! वन्संना काय सांगू आता? आणि गावाला सांगता तो नियम माझ्याच बाबतीत कुठे गेला?

"गावासाठी..." हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भीती नाही वाटत."

हे ऐकून खरं तर मला विरघळायला हवं होतं. पण मी रागात होते, आणि रागात असले की मला चांगलं काही ऐकू येत नाही. घरापर्यंत हेच गाडी चालवत आले. मी तरातरा स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली, कारण राग आला की मी भांडी घासते. ह्यांचं पाण्याचं काचेचं भांडं हातात आलं. उजेडात धरलं. लख्ख होतं.

आता कपड्यावरचा डाग शोधण्यात माझा जन्म गेलाय. ह्यांच्या ओठांवर मलमाचा थर. चूळ भरायच्या मगवर त्याचा पट्टा, थर्मामीटरवर पट्टा, उशीच्या अभ्र्यावर पट्टा. आणि हे भांडं, ज्यातून हे तासाभरापूर्वी वीस-पंचवीस घोट प्यायले म्हणे, त्याची कड कोरी. शेजारच्या ताटलीत सिरिंज होती. ती ओली.

मी दोन्ही वस्तू घेऊन बाहेर आले आणि ह्यांच्या समोर टेबलावर ठेवल्या. काही बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा हे जास्त घाबरतात.

"किती दिवस?" मी विचारलं.

हातांची दहा बोटं उघडली, मिटली, आणि परत पाच उघडली.

"पंधरा दिवस पाणी नळीतून, आणि वर कागदावर खुणा करताय? अहो, परीक्षा तुमची आहे! त्या बाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना? जन्मभर म्हणाल्या त्या, जन्मभर!" मला रडायचं नव्हतं, मला भांडायचं होतं, पण रडूच आलं.

ह्यांनी मला हाताने खाली बसवलं. मग एकेक शब्द वेचत बोलले. मध्ये दोनदा थांबले.

"त्या दिवशी खोकलो ना. मला काही झालं नव्हतं. तुझं तोंड पाहिलं. पांढरंफटक. मग रोज तसंच. मी नुसता खाकरलो तरी तू मशीन सोडून धावतेस. 'पुरे, नळीतून देते.' म्हटलं, कशाला हिला रोज मारायचं?"

मी काही म्हणणार होते. ह्यांनी बोटाने आधी माझ्याकडे दाखवलं, मग स्वतःच्या बुटाकडे, मग परत माझ्याकडे.

मी गप्प बसले. लग्नापासून आजवर असं किती वेळा झालं असेल, मोजायला एक हात पुरेल. कारण खरं होतं ते. ह्यांना खोकला आला की मी ह्यांचा घसा थांबवून टाकत होते आणि वर त्याला काळजी म्हणत होते. ह्यांनी माझ्या बाबतीत तेच केलं. दोघंही एकमेकांचा ब्रेक दाबून बसलो होतो, आणि दोघांचंही शिकणं बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिळणेबाईंना फोन करून दोघांचाही गुन्हा कबूल केला. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"खोकला येतोय म्हणजे घसा जागा आहे, ताई. चुकलेला घोट तो स्वतः बाहेर काढतोय. मला भीती न खोकणाऱ्यांची असते. श्वास चालू आहे, आवाज येतोय, तोवर तुम्ही हात लावायचा नाही. खोकू द्या, थुंकू द्या, परत गिळू द्या. श्वास अडला तर मात्र धावायचं. आणि कागदावरच्या खुणा खोडा."

मग नवीन करार झाला. गाडीत हे बाजूच्या सीटवर पट्टा लावून पाय वर घेऊन मांडी घालून बसणार, म्हणजे पाय मला दिसत राहतील. आणि घरी मी टेबलाशी समोर बसणार, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

पहिल्या दिवशी गाडी पाच वेळा बंद पडली. एकदा मी ब्रेक इतका करकचून दाबला की ह्यांचा चष्मा नाकावरून उडाला. ह्यांची मांडी कापत होती, मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. पाय खाली यायला आसुसलेले. "वर!" मी ओरडायचे, आणि ते पाय परत वर. भिंतीपाशी मी स्वतः थांबले. भिंतीत आणि गाडीत एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा ठेवून, पण मी थांबले.

टेबलाशी माझी पाळी. हनुवटी खाली, घोट, गिळणं, परत एकदा कोरडंच गिळणं, मग "आ" म्हणून आवाज स्वच्छ आहे का, म्हणजे घशात पाणी साचलेलं नाही ना, ते बघणं. चौथ्या घोटाला खोकला यायचा. ह्यांचा चेहरा लाल, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, आणि मी माझ्याच हातांवर बसलेली. मनात टाके मोजायचे. सोळाव्या-सतराव्या टाक्याला घसा मोकळा व्हायचा. एकदा मी एकतीसपर्यंत गेले आणि माझ्या तोंडून आपोआप देवाचं नाव निघालं. हे डोळे पुसत म्हणाले, "देवाला बोलवायचं नाही. करारात नाही."

भांड्याच्या कडेवर मलमाचा पट्टा दिसायला लागला. तो धुवायचं माझ्या जिवावर यायचं.

एक्स-रेच्या दिवशी गाडी मीच नेली. हे मांडी घालून बाजूला. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी ह्यांना ओळखलं. त्या ह्यांच्याच विद्यार्थिनी निघाल्या. मास्तर असे का बसलेत ते काही त्यांना कळलं नाही, पण अदबीने नमस्कार केला.

आत अंधाऱ्या खोलीत ह्यांना स्टुलावर बसवलं आणि पांढरं औषध घातलेलं पाणी दिलं, मग दाट, मग त्यात भिजवलेलं मऊ बिस्कीट. पडद्यावर ह्यांच्या मानेची हाडं आणि काळी सावली खाली सरकताना दिसत होती. मी काचेबाहेर. पातळ पाणी खाली जाताना थोडं वाकडं गेलं, मला कळलंच ते, आणि पाठोपाठ हे खोकले. सावली परत वर आली.

गिळणेबाई बाहेर आल्या तशी मी काच सोडून पुढे झाले.

"पाणी अजून जपून," त्या म्हणाल्या. "दाट आणि मऊ व्यवस्थित उतरतंय. आजपासून दिवसातून दोनदा तोंडाने खायचं. नळी अजून दोन-तीन महिने राहील, मग काढू."

काढू म्हणाल्या! मी त्यांना मिठी मारली. त्या काडीसारख्या, माझ्या मिठीत दिसेनाशाच झाल्या.

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये मी कुस्करलेला उकडलेला बटाटा, त्यात भरपूर दूध घालून, एक वाडगा मागितला. कॅन्टीनच्या काकू तो स्वतः घेऊन आल्या. दुपारची गर्दी होती. ह्यांनी चमचा उचलला, अगदी टोकावर घेतलं, हनुवटी खाली घेतली. पहिला उतरला. दुसरा उतरला. तिसऱ्याला घसा अडला.

हे खोकायला लागले. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. कुणीतरी उठून उभं राहिलं. काकू पाण्याचा जग घेऊन धावत आल्या आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारायला त्यांनी हात उगारला. मी तो हात वरच्या वर धरला.

"थांबा," मी म्हटलं. "त्यांचं ते करतायत."

"अहो बाई, असं काय करता, नवरा आहे ना तुमचा?"

"म्हणूनच," मी म्हटलं. हात सोडला नाही. श्वास चालू होता, आवाज येत होता. हे खोकले, रुमालात थुंकले, डोळे मिटून एकदा कोरडं गिळलं. मग "आ" म्हणाले, भर कॅन्टीनमध्ये, हलकेच. आवाज स्वच्छ होता. आणि माझ्याकडे न बघता चमचा परत वाडग्यात घातला.

काकू तोंडाचा आ वासून निघून गेल्या.

पाऊण तास झाला. गर्दी ओसरली, टेबलं पुसून झाली, आणि वाडगा जेमतेम निम्मा झाला होता. शेवटी काकू फडकं घेऊन आमच्याकडे आल्या. बटाटा गार पडून घट्ट झाला होता. ह्यांचं झालं असं समजून त्यांनी वाडग्याला हात घातला.

ह्यांनी वाडगा स्वतःकडे ओढला.

"राहू द्या," हे म्हणाले. "जेवतोय मी."